पाण्यातला केक

आमच्या इमारतीत तिला सगळे थोरली म्हणायचे. भावंडांत ती पहिली, म्हणून घरात ताई आणि बाहेर थोरली. मी त्यांच्या घराच्या अगदी खालच्या मजल्यावर राहते. पुढे जे सांगणार आहे त्यातलं थोडं मी पाहिलं, बरंचसं तिनंच सांगितलं, आणि जिथे ती सांगताना घाईघाईनं पुढे गेली, तिथलं तिच्या भावजयीनं नंतर मला सावकाश सांगितलं.

थोरली लॉन्ड्रीत इस्त्रीला होती. वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर. पायानं दाबायचं पेडल, वरून खाली येणारं जड झाकण, आणि मध्ये कोट, शर्ट, हॉटेलांच्या चादरी. त्या झाकणानं तिच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे उठवले होते. जुने पांढरे, नवे लाल. कोणी विचारलं की म्हणायची, "दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढता काढता माझ्यावरही एखादा हात फिरतो." पाठ ताठ, आवाज खणखणीत, आणि स्वतःवर विश्वास एवढा की घड्याळ आणि ती यांच्यात फरक पडला तर घड्याळ दुरुस्तीला जायचं.

हा विश्वास उगाच आलेला नव्हता. आई गेली तेव्हा थोरलीची शाळा नुकतीच संपली होती आणि सगळ्यांत धाकटा भाऊ रांगत होता. वडील ट्रकवर, महिन्यातले अर्धे दिवस बाहेर. घर हिच्या अंगावर पडलं आणि हिनं ते पेललं. त्याच सुमारास तिचं लग्न ठरलं होतं. तिनं स्वतःच निरोप पाठवला की जमणार नाही. "तो माणूस पुढे एकदा लॉन्ड्रीत आला होता," तिनं मला सांगितलं. "मी त्याला ओळखलं, त्यानं मला नाही. कोट मात्र असा झक्क करून दिला की बायकोनंही वळून बघितलं असेल."

मधली भावंडं आपापल्या वाटेनं गेली. धाकटा तेवढा तिच्याजवळ राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं लग्न थोरलीनंच जमवलं. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलायला हळू, वागायला नेटकी. भावजय घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं की या घरात मीठ किती घालायचं इथपासून खिडकी कधी लावायची इथपर्यंत सगळं ताईंच्या शब्दावर चालतं. तिनं ते चालवून घेतलं. ताई वाईट नव्हत्या. ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी बाई होती ती. फक्त तिचं म्हणणं खोडायचं नाही, एवढंच.

मग मुलगी झाली. चालायला लागली तशी ती एका जागी उभी राहून स्वतःभोवती गरागरा फिरायची, चक्कर येऊन पडायची आणि पडल्या पडल्या हसायची. आत्यानं तिचं नाव भिंगरी ठेवलं. थोरली कामावरून आली की पायातल्या चपला निघायच्या आत ती पोर तिच्या कडेवर असायची. स्वतःला मूल नसल्याचं दुःख थोरलीनं कधी बोलून दाखवलं नाही, पण भिंगरीला उचलताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते जिन्यातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

भिंगरीला दूध चालत नव्हतं. आईच्या दुधावर होती तोवर निभावलं; वरचं दूध पहिल्यांदा दिलं तेव्हा अंगभर गांधी उठल्या, तोंड सुजलं आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, दूध नाही, लोणी नाही, तूप नाही, दुधाची पावडर घातलेलं बिस्किटसुद्धा नाही.

"अगदी थोडंसुद्धा नाही?" थोरलीनं विचारलं.

"थोडंसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले, आणि एक इंजेक्शन लिहून दिलं. चुकून काही पोटात गेलंच तर लगेच मांडीत टोचायचं. ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेलं असायचं.

त्या दिवसापासून भावजय डोळ्यांत तेल घालून जपायला लागली. पोरीची भांडी वेगळी, चमचे वेगळे. दुकानातलं कुठलंही पाकीट आधी उलटं करून मागचं बारीक छापलेलं वाचायचं आणि मगच टोपलीत टाकायचं. थोरलीला हे सगळं थोतांड वाटायचं. ती उघड म्हणायची, "डॉक्टरांना काहीतरी सांगावंच लागतं. आम्ही सगळी दुधावरच वाढलो. सवय नाही लावली तर अंगाला लागणार कसं?"

तिनं आपल्या परीनं सवय लावून पाहिली. एकदा आपल्या चहात बोट बुडवून पोरीला चाटवलं. काही झालं नाही. मग एकदा बिस्किटाचा तुकडा. त्या संध्याकाळी भिंगरीच्या गालावर दोन गांधी आल्या. त्या थोरलीनं डासांच्या नावावर खपवल्या. मनात मात्र पक्कं झालं की आपण म्हणतो तेच खरं.

भावजय दर वाढदिवसाला घरीच केक करायची. बिनदुधाचा. मैदा, साखर, सोडा, तेल, पाणी, चमचाभर व्हिनेगर आणि व्हॅनिलाचे थेंब. पीठ तयार झालं की दोन भांड्यांत वाटायचं, एकात कोको मिसळायचा, आणि टिनात एक चमचा पांढरं, एक चमचा काळं असं टाकत जायचं. कापला की प्रत्येक तुकड्यावर वेगळी नक्षी. भिंगरी आधी काळं खायची, मग पांढरं. थोरली त्याला पाण्यातला केक म्हणायची. खायची, पण नाक मुरडून.

भिंगरीचा पाचवा वाढदिवस आला. सकाळी चष्म्याच्या दुकानातून निरोप आला, दुकानातली दुसरी मुलगी आजारी आहे, थोडा वेळ तरी येऊन जा. भाऊ आधीच कामावर गेला होता. थोरलीनं सुट्टी घेतली होती. भावजयीनं मैदा, साखर, सोडा एकत्र चाळून झाकून ठेवलं, तेल आणि पाणी मापून पेल्यांत ओतलं, कोकोची वाटी बाजूला ठेवली.

"ताई, एवढं फक्त कालवायचं. व्हिनेगर सगळ्यात शेवटी, आणि मग वेळ घालवायचा नाही, लगेच आत. जमेल ना?"

"मी सगळ्यांना रांधून खाऊ घातलंय गं," थोरली म्हणाली. "जा तू."

भावजय गेली. थोरलीनं मापलेलं तेल बाटलीत परत ओतलं. पाणी मोरीत टाकलं. भिंगरीला शेजाऱ्यांकडे ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानातून लोणी आणि दूध घेऊन आली. ती म्हणते, त्या वेळी तिच्या मनात एकच गोष्ट होती. पोरीनं जन्मात एकदा तरी खरा केक खावा. आणि खाऊन काही झालं नाही, की भावजयीला सांगता येईल, बघ, उगाच इतकी वर्षं पोरीला उपाशी ठेवलंस. लोण्याचा वास येऊ नये म्हणून तिनं व्हॅनिला जरा जास्त घातला. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

केक सुंदर झाला. दुपारी भावजय आली, टिनातून तो बाहेर काढताना म्हणाली, "आज किती छान फुललाय, ताई. तुमच्या हाताला गुण आहे." थोरलीला बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला अजून आठवतं.

शेजारची चार मुलं आली. मेणबत्त्या विझल्या. भिंगरीनं तिचा तुकडा घेतला, आधी काळं खाल्लं, मग पांढरं, आणि लगेच दुसरा मागितला. दुसरा तुकडा खाता खाता तिला खोकला आला. मग उलटी झाली. घसा धरून ती आईकडे बघायला लागली.

भावजयीनं तिला उचललं आणि थोरलीला विचारलं, "ताई, ह्यात काय घातलंत?"

"काही नाही," थोरली म्हणाली. "तू ठेवलं होतंस तेच."

भावजयीनं विश्वास ठेवला. तिला वाटलं, मोठा घास अडकला. तिनं पोरीला पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या, घशात बोट घालून पाहिलं. पाणी आणा म्हणाली. थोरलीनं पाणी आणलं. मुलं दाराशी सरकून उभी राहिली होती. भिंगरीचे ओठ जाड झाले, मग निळसर दिसायला लागले. भावजय पुन्हा ओरडून विचारते आहे आणि आपण हातात पेला घेऊन उभ्या आहोत, एवढं थोरलीला आठवतं.

"दूध घातलं," ती म्हणाली. "लोणी पण."

भावजयीनं कपाटाचा खण उपसून जमिनीवर ओतला, इंजेक्शन शोधलं, टोचलं. मग पोरीला छातीशी धरून जिना उतरली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. रस्त्यावर एका टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली आणि त्यांना दवाखान्यात पोचवलं.

भिंगरी वाचली. म्हणजे श्वास परत आला. पण मेंदूला हवा मिळाली नव्हती तेवढ्या वेळात जे जायचं ते गेलं होतं. डोळे उघडे, पण कशावर टिकत नव्हते. मान धरत नव्हती. हात आत वळले. भावानं डॉक्टरांना विचारलं, इंजेक्शन आधी दिलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित. पुढची सगळी वर्षं त्या घरात हा एक शब्द राहिला.

भाऊ थोरलीवर एकदाही ओरडला नाही. तो तिच्यासमोर बसला आणि रडला, लहानपणी पडून आला की रडायचा तसा, आणि सवयीनं तिचा हात त्याच्या डोक्याकडे गेला. त्यानं मान बाजूला घेतली. थोरली म्हणते, सगळ्या आयुष्यात त्या एका हालचालीएवढं काही लागलं नाही.

भावजय जे बोलली ते दवाखान्याच्या बाकावर, हळू आवाजात. "दूध घातलंत ते तुमचं अडाणीपण. ते मी एक वेळ गिळेन. पण मी विचारलं होतं, ताई. मी तुम्हाला विचारलं होतं."

थोरली घर सोडून गेली. लॉन्ड्रीच्या मागे एक खोली होती, सोड्याची पोती आणि मोडके हँगर ठेवायची. मालकानं तिथे राहू दिलं. दिवसभर वाफ, संध्याकाळी ती खोली. तिला व्हॅनिलाचा वास सहन होईना. बेकरीवरून जावं लागू नये म्हणून ती लांबच्या गल्लीनं फिरून यायची. लॉन्ड्रीतल्या औषधांचा वास नाकात असा भरून राहायचा की दुसरं काही येत नसे. त्यासाठी तिला ती जागा बरी वाटायची. भाऊ कधीतरी येऊन उभा राहायचा. "कशी आहे?" ती विचारायची. "तशीच," तो म्हणायचा. याच्यापुढे बोलणं जात नसे.

भावजयीनं नोकरी सोडली. पोर वाढत होती, वजन वाढत होतं. तिला अंघोळीला न्यायचं, खुर्चीत बसवायचं, मान पट्ट्यानं बांधायची, कूस बदलायची, सगळं एकटीनं. भाऊ असेल तेव्हा हात द्यायचा, पण तो किती वेळ असणार. उचलून उचलून भावजयीला हर्निया झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि पुढे काही महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलं. कामाला बायका ठेवून पाहिल्या. पहिली दोन दिवसांत पळाली, दुसरीनं पोरीला खुर्चीतून पाडलं.

मग एका सकाळी भावजय लॉन्ड्रीच्या काउंटरशी येऊन उभी राहिली, गिऱ्हाईक उभं राहतं तशी. थोरली मागून आली आणि जागच्या जागी थांबली. मधली वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. भावजयीचे केस पिकले होते.

"मला तुम्ही घरात नको आहात," भावजय म्हणाली. "पण तिला उचलायला दुसरं कोणी नाही. तुमचे हात दणकट आहेत."

"येते," थोरली म्हणाली.

"आधी ऐका. मी सांगेन ते आणि तेवढंच करायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आणि तिला भरवायचं नाही. काहीही. पाणीसुद्धा नाही. ते मी झोपून करीन, नाहीतर तिचा बाप करील."

"बरं."

"खोटं बोललात तर त्याच दिवशी बाहेर."

"बरं," थोरली म्हणाली, आणि अंगातला कामाचा डगला काढून खुंटीला लावला.

त्याच महिन्यात मी लग्न होऊन या इमारतीत आले. मला जिन्यात दिसायची ती ताठ पाठीची, हातांवर चट्टे असलेली बाई, जी कोणाशी बोलत नसे. पहाटे लवकर कामावर जायची, दुपारपर्यंत घरी यायची आणि मग आमच्या छतावर खुर्चीची चाकं फिरल्याचा आवाज सुरू व्हायचा.

पुढची केकची गोष्ट भावजयीनं मला बऱ्याच नंतर सांगितली. भिंगरीला चावता येत नव्हतं. मऊ भात, शिजवून कुसकरलेल्या भाज्या, हे जायचं. पण कधी कधी ती तोंड घट्ट मिटून घ्यायची आणि मग दिवस दिवस काही खायची नाही. अशा वेळी एक गोष्ट आत जायची. तोच केक, कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखा केलेला. ओव्हनमधून वास यायला लागला की तिचं तोंड आपोआप उघडायचं. ती ओळखायची की नुसतं शरीर ओळखायचं, कोणाला माहीत. आईनं ते विचारायचं सोडून दिलं होतं.

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पोरीनं तोंड मिटलं तेव्हा भावजय पुढच्या खोलीत पलंगावर पडून होती. तिथून ओट्यापर्यंत सरळ दिसायचं. तिनं हाक मारली.

"ताई, केक करायचाय."

थोरली म्हणाली, "माझ्यानं होणार नाही."

"तुमच्यानं होतंय का ते मी विचारलं नाही."

थोरली ओट्याशी गेली. भावजय उशीला टेकून बसली, पोटावर हात दाबून.

"पहिलं काय घेताय?"

"मैदा."

"इकडे दाखवा."

थोरलीनं डबा उचलून दाखवला. मग साखर. "दाखवा." सोडा. "दाखवा. उघडून दाखवा." तेलाची बाटली पलंगापर्यंत नेऊन तिच्या नाकाशी धरावी लागली. पाणी नळातून घेताना भावजयीनं मान वाकडी करून नळ बघितला. व्हॅनिलाची बाटली उघडली तेव्हा थोरली खिडकीकडे तोंड करून क्षणभर थांबली. मागून आवाज आला, "थांबू नका. तीन थेंब." तिनं मोजून घातले. व्हिनेगर पडल्यावर पिठात बुडबुडे उठले. "आता ढवळत बसू नका, जड होईल. अर्धं दुसऱ्या भांड्यात काढा. कोको दाखवा."

टिन आत गेल्यावर वास घरभर पसरला. थोरली मोरीत जाऊन ओकली, तोंड धुऊन आली आणि भांडी घासायला लागली. काडी टोचून पाहिली, कोरडी आली. गार झाल्यावर भावजयीनं त्यातला तुकडा आधी थोरलीला खायला लावला. समोर उभं करून. मग स्वतः खाल्ला. मग वाट पाहिली. आणि मगच भिजवून पोरीला भरवायला घेतलं.

भांडी पुसता पुसता थोरली म्हणाली, "मला भीती वाटली होती तेव्हा. म्हणून तसं बोलले. वाटलं, खोकला थांबेल आणि तुला कळणारही नाही."

"मला कारण नकोय, ताई," भावजय म्हणाली. "ओव्हन बंद करा."

काही महिन्यांनी भावजय उठून हिंडायला लागली. थोरलीला कोणी जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. ती राहिली. पोरीला अंघोळ घालायची, पाठीला फोड येऊ नये म्हणून कूस बदलायची, तिचे कपडे इतके मऊ इस्त्री करायची की शिवणसुद्धा टोचू नये. केकही तीच करायची. आणि भावजय प्रत्येक वेळी दारात उभी राहून बघायची. पहिल्यासारखं दाखवा म्हणत नसे, पण उभी राहायची. भरवणं मात्र नाही. वर्षं गेली तरी ते बदललं नाही. भरवायची वेळ झाली की थोरली चमचा आणि वाटी ठेवून बाजूच्या खोलीत जायची. भिंगरी हे नाव त्या घरात आता कोणी उच्चारत नव्हतं. नुसतं पोरगी म्हणायचे.

मला मुलगा झाला. सहा महिन्यांचा असताना वरचं दूध दिलं आणि त्याच्या अंगावर गांधी उठल्या. डॉक्टर तेच म्हणाले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत असलं काही ऐकलं नाही. सवयीनं सगळं जातं." मी नवी होते, उलटं बोलायची हिंमत नव्हती. एका दुपारी थोरली आमच्या धुतलेल्या चादरी द्यायला दारात आली. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या करंगळीच्या टोकाला लोणी होतं. "जिभेला नुसतं लावते," त्या मला म्हणत होत्या.

थोरलीनं चादरींचा गठ्ठा खाली ठेवला, आत आली आणि सासूबाईंचा हात मनगटाशी धरला.

"सोडा," सासूबाई म्हणाल्या. "हे काय चाललंय?"

"आधी बोट पुसा. मग सोडते."

सासूबाईंनी पुसलं. थोरली फरशीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. चहातलं बोट, बिस्किटाचा तुकडा, डास, मोरीत ओतलेलं पाणी, जास्तीचा व्हॅनिला. भावजयीनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. आवाज सपाट होता. एकदाच तिला थांबावं लागलं, भिंगरीनं दुसरा तुकडा मागितला तिथे.

"वर चला," ती शेवटी म्हणाली. "बघून घ्या तिला. मग काय चाटवायचं ते चाटवा."

सासूबाई उठून आत गेल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, असल्या बाईला पुन्हा घरात घ्यायचं नाही. त्या तिच्याशी आजतागायत बोलल्या नाहीत, आणि इमारतभर ही गोष्ट त्यांनीच पोचवली. लोकांना इतकी वर्षं वाटत होतं की घशात घास अडकून पोरगी अशी झाली. आता थोरली जिन्यात आली की बायका मुलांना आत ओढायला लागल्या. एकीनं तिच्याकडे कपडे देणं बंद केलं. पण माझ्या बाळाला आमच्या घरात पुन्हा कोणी काही चाटवलं नाही.

हे वर पोचलं तेव्हा भावजयीनं तिला विचारलं, "खाली सगळं सांगितलंत?"

"सगळं."

"मी विचारलं तेव्हा काय म्हणालात, तेही?"

"तेही."

भावजय आत निघून गेली. दोन दिवसांनी ती स्वतः माझ्याकडे आली आणि माझ्या ओट्याशी उभी राहून तिनं मला तो केक शिकवला. त्या दिवशी तिची बाजू मी पहिल्यांदा ऐकली.

भिंगरी बारा वर्षांची असताना थंडीत तिच्या छातीत कफ साठला. दवाखान्यात नळीनं खाणं सुरू झालं, म्हणजे भरवायचा प्रश्नच उरला नाही. आई एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला, अशा दोघी बसून असायच्या. आठवड्यानं ती गेली. शेवटचं सगळं आटोपून आल्यावर थोरलीनं तिचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केले, घड्या घातल्या आणि भावजयीच्या पलंगावर नेऊन ठेवले. भावजय त्यांवर हात ठेवून बसून राहिली.

पुढच्या वर्षी भावाला दुसऱ्या शहरात मोठ्या इमारतींच्या लिफ्टचं काम मिळालं. घर सोडायचं ठरलं. थोरलीला तू पण चल असं भाऊ म्हणाला. भावजय काही म्हणाली नाही, म्हणून थोरली नाही म्हणाली. सामान बांधायला तिनं मदत केली. पडदे काढून धुऊन दिले. ट्रक भरला, भाऊ पाया पडला. या वेळी तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्यानं मान हलवली नाही. भावजय गाडीत बसली होती. ती खाली उतरली, थोरलीसमोर आली, काहीतरी बोलली आणि परत जाऊन बसली.

गाडी गेल्यावर थोरली जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले. तिची पिशवी शेजारी होती. ती पुन्हा लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत राहायला निघाली होती.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"सांभाळून राहा म्हणाली." थोरलीनं पाणी प्यायलं, पेला हातात फिरवला. "असं सगळ्यांनाच म्हणतात का गं? निघताना?"

मी तिच्याकडे बघितलं. "नाही," मी म्हणाले. "सगळ्यांना नाही म्हणत."

तिनं मान हलवली. मग पेला माझ्या हातात देऊन उठली. दुपारी हॉटेलच्या चादरी यायच्या होत्या आणि इस्त्री तापायला वेळ लागतो, असं म्हणत ती पिशवी घेऊन रस्त्याला लागली.